मालकाचा शेरा

९ जून २०२५, सोमवार

आज संयम माझ्या खुर्चीत बसला. मला न विचारता! मी मागे गोडाऊनमध्ये खताच्या गोण्या मोजत होते. पुढे येते तर साहेब गल्ल्यावर, पाय लांब करून, मोबाईलमध्ये डोकं. मला बघून म्हणाला, "काकी, तू आता आराम कर ना. एकोणीस वर्षं उभी आहेस."

उभी आहे! म्हणजे एकोणीस वर्षं मी या दुकानात फक्त उभी होते.

हा माझा पुतण्या. मोठ्या जाऊबाईंचा मुलगा, तेवीस वर्षांचा, बी.एस्सी. ॲग्री. चार वर्षांत शेतात किती वेळा उतरलास विचारलं, तर कॉलेजच्या सहली धरून आकडा सांगतो. काल एका शेतकऱ्याने मिरचीचं पान आणलं. पान आकसलेलं, उलटी वाटी झालेली, मागे किडे डोळ्यांनी दिसत होते. यानं पानाचा फोटो काढला आणि मोबाईलला विचारलं. मोबाईल म्हणाला, पाणी कमी पडतंय. शेतकरी माझ्याकडे बघून हसला.

संध्याकाळी बाबूजींनी वर बोलावलं. बाबूजी म्हणजे सासरे. दुकान त्यांचं, परवानाही त्यांच्या नावावर. फवारणीच्या औषधांच्या परवान्याला आता शेतीचं शिकलेलं माणूस दाखवावं लागतं. घरात एक आहे. तेव्हा दिवाळीच्या पाडव्याला गादीवर तो बसेल. चहा घेणार का, असं विचारावं तितक्या शांतपणे सांगितलं.

मी म्हटलं, "मी शिकते."

"या वयात?"

बेचाळीस. आणि विसाव्या वर्षी माझं बी.एस्सी.चं पहिलं वर्ष झालं होतं, पुढचं कुणाच्या घरात येऊन राहिलं? हे मनात. तोंडाने मी कधीच काही म्हणत नाही.

बाबूजींनी बराच वेळ माळ ओढली. मग म्हणाले, कॉलेजनं तुझं काम शिक्षण म्हणून मानलं तर तुझं नाव लावू. पाडव्याच्या आत. नाहीतर संयम.

नवऱ्याला फोन केला. ते पुण्यात मार्केटयार्डात असतात, शनिवारी येतात. म्हणाले, कशाला डोक्याला ताप!

१२ जून, गुरुवार

कॉलेजात जाऊन आले. मोहिनी मॅडम म्हणून आहेत तिथे, वय जेमतेम तीस. मला "काकू" म्हणाल्या. मी म्हटलं, चेतना म्हणा.

तर नवीन सोय अशी. कामातून जे शिकलात ते पुराव्यानिशी दाखवायचं. त्यांना पटलं की श्रेयांक देतात, आणि थेट दुसऱ्या वर्षात बसवतात. पुराव्याचा जो गठ्ठा करायचा त्याला पोर्टफोलिओ म्हणायचं. आमच्याकडे फाइल म्हणतात. फाइल म्हटलं तर फी कमी घ्यावी लागेल बहुतेक.

चार भाग. काय येतं. कसं शिकलात. पुरावे. आणि चौथा: कामात झालेली एक मोठी चूक, आणि तिच्यातून काय शिकलात. प्रत्येक पानावर मालकाची सही, आणि शेवटी एक चौकट, 'मालकाचा शेरा'. मुदत ८ सप्टेंबर.

मी विचारलं, चूक नसेल तर? मॅडम गोड हसल्या. "एकोणीस वर्षांत?"

मला ही बाई अजिबात आवडली नाही.

२१ जून, शनिवार

वह्या काढल्या माळ्यावरून. अकरा. बाईजी — माझ्या सासूबाई — म्हणाल्या, तो कचरा कशाला खाली आणलास, झुरळं होतील.

कचरा! दुकानात आलेलं प्रत्येक पान मी चिकटवलंय यात. खाली तारीख, शेतकऱ्याचं नाव, गाव. काय दिसलं. काय दिलं. आणि सगळ्यात शेवटी, पंधरा दिवसांनी त्याला गाठून विचारलेलं — काय झालं. ते शेवटचं कुणीच लिहीत नाही. कंपनीचे लोक येतात, माल खपवतात, जातात. पुढे झाडाचं काय झालं, त्यांना काय पडलंय.

पानं तपकिरी झालीत, काहींचा भुगा झालाय. पण सोयाबीनवरचा तांबेरा अजून ओळखू येतो. रडू आलं एकदम, मग रागही आला. कुणासाठी जपलं हे सगळं?

संयम वह्या चाळून म्हणाला, "काकी, हे स्कॅन केलं असतंस तर." खूप काही बोलणार होते. वह्या त्याच्या हातातून काढून घेतल्या.

२ जुलै, बुधवार

गोजरबाई आली आज, पार डोंगरातून, दोन गाड्या बदलून. भाताची रोपं पिवळी पडलीत म्हणून पदरात मुळासकट बांधून आणलेली. संयमनं लगेच तीन डबे काउंटरवर मांडले. मी रोपाचं मूळ हुंगलं. कुजका वास. विचारलं, वाफ्यात पाणी तुंबलंय का? "तुंबलंय की, आठ दिस झालं." म्हटलं, बांध फोड, पाणी काढ, चार दिवस थांब, औषध काही नको. तीनही डबे परत फळीवर गेले. संयमचं तोंड बघण्यासारखं होतं.

मग सुचलं, हिचंच बोलणं पुरावा म्हणून घ्यावं. तिला लिहिता येत नाही, पण मॅडम म्हणाल्या होत्या व्हिडिओ चालेल. संयमनं मोबाईल धरला. गोजरबाई डोक्यावर पदर घेऊन कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "ह्या भाभीला पान दावलं की झालं. ती पैल्यांदा पान्याचं इचारती, मंग बोलती. आदी त्यो रामदास व्हता, त्यो असंच करायचा. त्याच्याच हाताखाली शिकल्या ह्या. रामदास कुटं गेला वं?"

मी म्हटलं, बास, झालं.

ती गेल्यावर संयमला सांगितलं, शेवटचं काप. त्यानं विचारलं, रामदास कोण? म्हटलं, होता एक नोकर. "तुला शिकवलं त्यानं?" म्हटलं, काप म्हटलं ना.

९ जुलै, बुधवार

दुसरा भाग पूर्ण. 'कसं शिकलात?' — निरीक्षणातून आणि अनुभवातून. एवढंच लिहिलं. बास!

१९ जुलै, शनिवार

डोकं फिरलंय. मॅडमनी चौथा भाग परत केला.

मी छान लिहिलं होतं. एकदा गडबडीत एका शेतकऱ्याला मात्रा जास्त सांगितली, कांद्याची पात थोडी करपली, तेव्हापासून मी मात्रा कागदावर लिहून देते. मॅडमनी वाचलं, पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "हे तुम्ही रचलंय."

मी म्हटलं, तुम्हाला काय माहीत?

"बाकीच्या तीन भागांत प्रत्येक शेतकऱ्याला नाव आहे, गाव आहे, तारीख आहे. इथे 'एक शेतकरी'."

मग तिने २०१९ ची वही पुढे ओढली. छापील आकड्यांची वही. ८८ नंतर ९१! कडेला ब्लेडनं कापल्याची खूण. "इथलं पान कुठे आहे?" मी म्हटलं, फाटलं असेल. उठले आणि निघाले. बाहेर येऊन स्टँडवर उभी राहिले आणि समोर आलेली एसटी सोडून दिली. रागानेच.

तीस वर्षांच्या पोरीनं माझी वही मोजावी! दुकानात कधी बाबूजींनीसुद्धा मोजली नाही.

२० जुलै, रविवार

ते पान माझ्याकडे आहे. साड्यांच्या कपाटात, तळाच्या कागदाखाली. जाळायला दोनदा काढलं होतं.

३० जुलै, बुधवार

बाबूजी सह्या करतायत. रोज दुपारी दहा पानं. भिंग घेऊन, एकेक ओळ. बिलावर सही करतानाही ते असंच करतात. पाठ भरून आली माझी समोर बसून.

दुसऱ्या भागापाशी थांबले. "निरीक्षणातून. एवढंच?"

"एवढंच."

माझ्याकडे बघत राहिले. मग सही केली. यांना काय करायचंय मी कशी शिकले त्याचं? कधी एका शब्दाने विचारलं आहे का?

४ ऑगस्ट, सोमवार

रामदास टेमकर. या वहीत त्याच्याबद्दल काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण गोजरबाईनं काढलं ते डोक्यातून जात नाही.

हो, त्यानं शिकवलं. मी नवी बसायला लागले तेव्हा काउंटरवरचे लोक मला भाव विचारायचे आणि रोग त्याला. चौथी शिकलेला माणूस, अवसरी बुद्रुकचा. पान आधी उलटं करायचं. उजेडात धरायचं. मूळ हुंगायचं. पाण्याचं विचारल्याशिवाय औषधाचं तोंड उघडायचं नाही. "भाभी, झाड बोलत न्हाई, म्हनून मानसाला इचारायचं." वही घाला म्हणूनही तोच म्हणाला. त्याला लिहायला जड जायचं, मी लिहायचे.

आणि मला त्याचा राग येतो! कुणाशी आपण वाईट वागलो की त्याचाच राग का येतो, कळत नाही. त्याचं नाव निघालं तरी अंगाचा तिळपापड होतो. मंचरच्या बाजारात एकदा पाठमोरा दिसला, तर मी चक्क उलटी फिरले आणि रॉकेलच्या गल्लीतून घरी आले.

११ ऑगस्ट, सोमवार

संयमनं गल्ल्यामागे स्वतःचा पदवीचा फोटो लावला. काळा झगा, टोपी. खिळा माझ्या कॅलेंडरचा वापरला.

२० ऑगस्ट, बुधवार

पर्युषण सुरू. बाईजींची अठाई आहे, आठ दिवस फक्त उकळलेलं पाणी.

सकाळी बाबूजींनी औषधांचं कपाट बंद केलं. दरवर्षी असंच. आम्हा जैनांत जीव मारायचं औषध विकायचं की नाही यावर आजेसासऱ्यांपासून भांडणं. शेवटी असा तोडगा निघाला की विकायचं, पण या आठ दिवसांत नाही. कुलूप लावतात, वरून लाल दोरा गुंडाळतात आणि गाठ मारतात. त्यांची ती उलट्या पेडाची गाठ घरात दुसऱ्या कुणाला जमत नाही. किल्ली देवाच्या फळीवर. नवव्या दिवशी दोरा तेच सोडतात. पंचक्रोशीला माहीत आहे, लोक आधीच औषधं नेऊन ठेवतात.

संयमची चिडचिड — ऐन पावसात, ऐन सीझनमध्ये! बाबूजी हात जोडून म्हणाले, "आठ दिवस, बेटा."

दोऱ्याकडे बघवत नाही मला. सहा वर्षं झाली, पर्युषणात मी कपाटाकडे पाठ करून बसते.

२४ ऑगस्ट, रविवार

आज पाचवा दिवस. तोही पाचवाच होता. लिहून टाकते एकदाचं.

२०१९. पाऊस थांबत नव्हता. निमगाव सावाचा दादाभाऊ दुपारी आला, टोमॅटोचं पान घेऊन. दोन एकर, करपा. पानावर तेलकट काळे डाग, कडेने पांढरी बुरशी. दोन दिवसांत औषध पडलं नाही तर बाग संपली. बाबूजींनी हात जोडले, कपाट उघडणार नाही, दुसऱ्या दुकानातून घ्या. दादाभाऊ म्हणाला, घेतलंय दुसरीकडून, मारलंय, काही उपयोग नाही. भाभी सांगतील तेच पाहिजे.

भाभी सांगतील तेच. अख्ख्या दुकानासमोर! मी फुगले. खरं ते लिहिते, त्या बागेसाठी नाही, मी त्या वाक्यासाठी केलं.

संध्याकाळी सगळे जैन स्थानकात प्रतिक्रमणाला, रोजच्या प्रार्थनेला, गेले. माझी कंबर दुखते म्हणून सांगितलं. किल्ली घेतली, दोरा सोडला. शटर खाली, दिवा लावला नाही — रस्त्यावरून फटीतला उजेड दिसला असता. सीलबंद बाटली नेली तर मोजणीत कमी आली असती, म्हणून आधीच उघडलेल्या बाटलीतलं पाण्याच्या बाटलीत ओतलं. त्याच कंपनीची, त्याच आकाराची, तशाच हिरव्या झाकणाची बाटली शेजारी होती. तणनाशकाची. मी तीच ओतली. वासानेही कळलं नाही, कपाटभर एकच वास.

लेबल असतं तर दादाभाऊनं वाचलं असतं. लपवायचं होतं म्हणून लेबल नाही.

बाटली कागदात गुंडाळून रामदासला दिली. दादाभाऊ स्टँडजवळच्या टपरीवर बसलाय, त्याला दे, माझं नाव घेऊ नकोस. रामदासनं विचारलं, भाभी, कपाट उघाडलं? मी म्हटलं, दे म्हटलं ना! गेला बिचारा. दोरा परत बांधला, जमेल तशी गाठ मारली. नवव्या दिवशी बाबूजींनी सोडला, काही बोलले नाहीत. त्या वर्षी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं. मला वाटलं, सुटले.

त्यानंतर चार दिवसांनी दादाभाऊ आला. हातात टोमॅटोचे शेंडे, दोरीसारखे पिळवटलेले. ओरडत होता, तुमच्या रामदासनं मला काय दिलं! बाजाराचा दिवस, दुकान भरलेलं. बाबूजींनी रामदासला पुढे बोलावलं.

"बाटली तू दिलीस?"

रामदासनं माझ्याकडे बघितलं.

बाबूजींनी मला विचारलं, "चेतना, तुला काही माहीत आहे?"

मी म्हटलं, मला नाही माहीत.

रामदास म्हणाला, "दिली."

एवढंच झालं. गोडाऊनमधून उघडा माल काढून विकला असणार, असं सगळ्यांनी धरून टाकलं. चौदा वर्षं दुकानात राबलेला माणूस त्याच दुपारी गेला. सुतळीचं बंडल सापडलं नाही तर घरभर तीनतीनदा उलटतपासणी घेणारे बाबूजी, त्यांनी दुसरा प्रश्नच विचारला नाही. संतापले असतील.

दादाभाऊचं करप्याचं पान मी दुपारीच वहीत चिकटवलं होतं. पान ८९. त्याच आठवड्यात कापलं.

२७ ऑगस्ट, बुधवार

संवत्सरी, पर्युषणाचा शेवटचा दिवस. गल्लीत गणपतीही आजच बसले, दिवसभर ताशे.

मोबाईलवर एका बोटाने दोनशे चौदा लोकांना 'मिच्छामि दुक्कडम्' पाठवलं. कळत नकळत दुखावलं असेल तर माफ करा. फुलांचं चित्र. संयमला, मोहिनी मॅडमलासुद्धा. मॅडमचं उत्तर आलं: "चौथा भाग?"

संध्याकाळी बाबूजींच्या पाया पडले. ते नेहमीसारखे हात जोडून मलाच म्हणाले, "मिच्छामि दुक्कडम्, बेटा." दरवर्षी म्हणतात, डोळे मिटून. सुनेची माफी मागणारा सासरा अख्ख्या मंचरात नसेल. आणि मी त्यांच्यासमोर चोरासारखी उभी. हा माणूस इतका सरळ आहे याचासुद्धा मला राग येतो.

२८ ऑगस्ट, गुरुवार

अवसरीला गेले होते. एकटी, एसटीने.

गावाच्या दूध केंद्रावर रामदास कॅन धुवायला असतो. औषधाच्या दुकानात त्याला पुन्हा कुणी ठेवलंच नाही. पार खेडपर्यंत फिरला म्हणे, सगळीकडे आधीच पोचलेलं — बाटली बदलून देणारा. केस पांढरे झालेत. मला बघून त्यानं नळ बंद केला नाही.

मी ओल्या फरशीवर उभी राहून हात जोडले. "रामदासभाऊ, मिच्छामि दुक्कडम्."

तो कॅन घासत म्हणाला, "हे तुमचं दरवर्सी असतंय ना? मंग मागली पाच वर्सं कुटं व्हतं?"

मी जोडलेले हात खाली घेतले.

"तुमी म्हनल्या, मला न्हाई म्हाईत. मी तुमच्या तोंडाकडं बघत व्हतो. लई येळ बघत व्हतो."

मी विचारलं, तुम्ही का नाही सांगितलंत? मला वाटलं होतं म्हणेल, तुमच्यासाठी. तसं काही म्हणाला नाही.

"कुनी इचारलं? शेठनी इचारलं, बाटली तू दिली का. दिली व्हती, म्हनलं, दिली. आता म्होरं इचारतील, कुनी दिली तुला, म्हनून थांबलो. त्यांनी रजिस्टर मिटलं."

मी पुन्हा माफ करा म्हटलं. रडलेही. त्याला त्याचं काही नव्हतं.

"माफी न्हाई करायचो मी. आमची पोरगी बघायला आले, त्ये सुदिक इचारून गेले, बाप त्योच का. माफी कशाची करू? लिवून द्या. कागदावर. माजं पूर्न नाव घालून, काय केलं न्हाई त्ये लिवा. आन् चार मान्सांनी वाचलं पायजे."

मग म्हणाला, "बाजूला व्हा, पानी उडंल."

येताना एसटीत बसायला जागा होती, पण मी उभीच राहिले. सगळ्या जगावर संतापले होते. मॅडमवर, संयमवर, दादाभाऊच्या त्या वाक्यावर. माफ केलं असतं तर काय बिघडलं असतं त्याचं? घरी पोचेपर्यंत कळलं, माफ केलं असतं तर मी काहीच लिहिलं नसतं.

३१ ऑगस्ट, रविवार

चौथा भाग लिहिला. सहा पानं. रामदास भागू टेमकर, राहणार अवसरी बुद्रुक. दादाभाऊ, निमगाव सावा. तारीख, वेळ, दोन्ही बाटल्या, दोरा, पिळवटलेले शेंडे, 'मला नाही माहीत'. पान ८९ जिथलं तिथे चिकटवलं. करप्याचे डाग अजून आहेत.

दुसरा भागही फाडून नवा लिहिला. कसं शिकलात? — रामदास टेमकर यांच्याकडून. दोन पानं भरली, तरी हात थांबत नव्हता. गोजरबाईचा व्हिडिओ संयमकडे होता, अख्खा. कापलाच नव्हता त्यानं! म्हणाला, "काकी, पुरावा कापायचा नसतो, एवढं तरी शिकलोय मी." पोरगा अगदीच वाया गेलेला नाही. लिहिलेलं त्याला वाचायला दिलं. वाचून बाहेर गेला आणि शटरला टेकून उभा राहिला.

१ सप्टेंबर, सोमवार

आता बाबूजी वाचणार. पर्युषणात कपाट उघडलं, त्यांच्या देवाच्या फळीवरून किल्ली घेतली, भरल्या दुकानात खोटं बोलले. पाडव्याला गादी संयमचीच. घरातही मला कोण विचारणार आहे आता!

३ सप्टेंबर, बुधवार

फाइल बाबूजींच्या हातात दिली. म्हटलं, चौथा भाग आणि बदललेला दुसरा, सह्या राहिल्यात. भिंग शोधत होते, मीच दिलं.

समोर बसले नाही. खाली येऊन तीन गिऱ्हाइकांना चुकीचे भाव सांगितले.

४ सप्टेंबर, गुरुवार

काही नाही. जेवताना मीठ मागितलं फक्त.

५ सप्टेंबर, शुक्रवार

मॅडमचा फोन: सोमवारी शेवटचा दिवस, शेऱ्याची चौकट रिकामी चालणार नाही. मी म्हटलं, माझ्या हातात आहे का ते? फोन आपटला. आज बाबूजी माळ घेऊन दिवसभर गच्चीवर होते. शिक्षा द्यायची तर देऊन टाका ना! या माणसाच्या शांतपणाला मी सहा वर्षं घाबरतेय. आता तर त्याचा तिटकारा यायला लागलाय.

६ सप्टेंबर, शनिवार

सकाळी फाइल गल्ल्यावर होती. सगळ्या पानांवर सह्या. शेवटच्या चौकटीत, 'मालकाचा शेरा', त्यांच्या बारीक अक्षरात:

"घटना खरी आहे. नवव्या दिवशी दोरा सोडला तेव्हाच समजलं की गाठ माझी नाही. रामदासला मी त्यानंतर चार दिवसांनी बोलावलं. दुसरा प्रश्न मी मुद्दाम विचारला नाही. — जवरीलाल"

बाबूजी चपला घालून दारात उभे होते. म्हणाले, अवसरीला जायचंय, सोबत येतेस का?

म्हटलं, "मी जाऊन आले, बाबूजी. तुमचं तुम्ही जा."